बुर्जी, कोंडी आणि चकवा : हरलेला डाव वाचवण्याची गोष्ट

आजचा भाग बुद्धिबळावर आहे. घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे ज्यांना काही माहीत नाही त्यांनीही थांबा, तेवढ्यावर भागेल. आणि ज्यांचं रेटिंग दीड-दोन हजार आहे त्यांनी जरा दम धरा, तुमच्यासाठीही माल आहे.

सुरुवात माझ्या एका भांडणापासून करतो.

मी बारा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी. दुपारी बारा ते चार बाहेर पाय ठेवायची सोय नाही, यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना तुम्हाला माहीतच आहे. मी तेव्हा नुकताच मोबाइलवर बुद्धिबळ शिकलो होतो आणि ॲपला सोप्या लेव्हलवर हरवत होतो, त्यामुळे डोक्यात हवा. आबांकडे एक कापडी पट होता. त्यावर काळी-पांढरी घरं नव्हतीच, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मोहरी लाकडी, रंग उडालेली. मांडणी सुरू झाली तिथेच माझं डोकं फिरलं, कारण आबांनी त्यांचा राजा माझ्या वजिरासमोर ठेवला. मी म्हटलं, ‘आबा, चुकलं. राजासमोर राजा येतो.’ ते म्हणाले, ‘तुह्या मोबाइलात येत असंन. आपल्यात नाही येत.’

बरं. खेळलो. आबांची नजर कमी झाली होती, मी एकामागून एक मोहरी खात गेलो. तासाभराने त्यांच्याकडे राजा आणि एक हत्ती, माझ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक घोडा आणि मूठभर प्यादी. ओट्यावर काका, शेजारचे दोन म्हातारे, चार पोट्टे जमलेले. मी मनातल्या मनात मिरवणूक काढत होतो. आणि आबांनी तो एकुलता एक हत्ती उचलला आणि सरळ माझ्या राजाला खेटून ठेवला. ‘शह.’

मी हसलो. फुकटचा हत्ती! दुसरी चालही नव्हती म्हणा, खाणंच भाग होतं. खाल्ला.

आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘बुर्जी! डाव बरोबरीत.’

दोन्ही म्हातारे हसायला लागले. मला काही कळेना. काकांनी सांगितलं की समोरच्याकडे नुसता राजा उरला की डाव संपतो, कुणी जिंकत नाही, त्याला बुर्जी म्हणतात. एखादं प्यादं तरी जिवंत ठेवून मात करायची असते. मी भडकलो. असा नियम नसतोच, हा रडीचा डाव आहे, तुम्ही हरत होता म्हणून नियम बनवला, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. आणि मग मोबाइल काढून ॲपमधला नियम दाखवला. आबा काही बोलले नाहीत. पट गुंडाळून आत गेले. त्यानंतर त्या सुट्टीत, आणि पुढच्याही, त्यांनी माझ्यासमोर पट मांडला नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले.

नियम खरा होता. हे मला नंतर कळलं, आणि कळलं ते एका इंग्रज माणसाच्या पुस्तकातून, ही त्यातली आणखी एक गंमत. हॅरॉल्ड मरे नावाच्या गृहस्थाने १९१३ साली ऑक्सफर्डहून बुद्धिबळाचा नऊशे पानांचा इतिहास छापला. त्यात हिंदुस्थानात त्या काळी खेळल्या जाणाऱ्या देशी बुद्धिबळावर वेगळं प्रकरण आहे. आबांचा सगळा खेळ त्यात सापडतो. बिनरंगी घरांचा पट आहे. एकमेकांसमोर न येणारे राजे आहेत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते, मात्र तोवर त्याला शह बसलेला नसावा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या पट्टीवर मुळात जे मोहरं असतं तेच होतं, सरसकट वजीर नाही. आणि नुसता राजा उरला की डाव अर्धा, म्हणजे बरोबरी.

तर आजचा विषय हा आहे. हरलेल्या माणसाला पटावर काय करता येतं? कारण ते प्रत्येक काळात वेगळं होतं, आणि त्या-त्या काळातली वाचण्याची युक्तीही म्हणून वेगळी होती.

आधी शब्द ठरवू. इंग्रजीत याला स्विंडल म्हणतात. साध्या अर्थाने स्विंडल म्हणजे फसवणूक, गंडवणं. पण पटावर फसवायला काही लपवता येत नाही. पत्ते बंद असतात, पट उघडा असतो. चाळीस डोळे बघत असतात. तरीही समोरचा फसतो. मला मराठीत ‘चकवा’ हा शब्द बरा वाटतो. गावाकडच्या लोकांना सांगायला नको: रात्री ओळखीच्या शिवारातून माणूस निघतो, वाट रोजचीच, तरी पहाटेपर्यंत एकाच बांधाला फेऱ्या मारत राहतो. मग घरी आल्यावर सगळे म्हणतात, याला चकवा लागला. जिंकत आलेल्या खेळाडूचं नेमकं हेच होतं. वाट माहिती असते आणि म्हणूनच तो खाली बघत नाही.

फ्रँक मार्शल नावाच्या अमेरिकन चॅम्पियनने तर १९१४ मध्ये आपल्या डावांचं पुस्तक काढलं आणि नावातच ‘स्विंडल्स’ घातलं. म्हणजे शिवी होती, त्याने बिरुद करून टाकलं.

आता सगळ्यात जुनी गोष्ट. दिलारामची.

एक सरदार जुगारी. बुद्धिबळावर पैज लावतो आणि हरतो. सगळं गेल्यावर शेवटच्या डावावर तो आपली बायको दिलाराम हिलाच पणाला लावतो. (द्यूतसभा आठवली ना? आपल्याकडे ही गोष्ट परकी वाटतच नाही.) तोही डाव हातातून जातो. समोरचा पुढच्याच चालीला मात करणार. पडद्यामागून दिलाराम पट बघत असते. ती नवऱ्याला एवढंच सुचवते की दोन्ही हत्ती दे, पण मला देऊ नकोस.

गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण मांडणी खरी आहे, जुन्या हस्तलिखितांत आहे, आणि आजही पटावर लावून बघता येते. एक अट: त्या काळचा उंट आजच्यासारखा लांब पळत नव्हता. तो तिरकस बरोब्बर दोन घरं जायचा, मधे कुणी असलं तरी त्याच्यावरून उडी मारून. म्हणजे सगळ्या पटावर त्याला जेमतेम आठ घरं मिळायची. सगळ्यात दुबळं मोहरं.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून बघा. काळा राजा कोपऱ्याजवळ, जी-८ वर. पांढऱ्याची प्यादी एफ-६ आणि जी-६ वर, घोडा जवळपास दबा धरून. एच पट्टीवर पांढऱ्याचे दोन हत्ती आहेत, आणि खालच्या हत्तीची वाट एच-३ वरच्या स्वतःच्याच उंटाने अडवलेली. पहिली चाल: हत्ती एच-८, शह. राजाने खाल्ला. एक हत्ती गेला. आता उंट एच-३ वरून उडी मारून एफ-५ वर जातो आणि मागे अडलेल्या हत्तीची पट्टी मोकळी होते. पुन्हा शह. काळा आपला हत्ती एच-२ वर मधे घालतो, पांढरा तो खातो, पुन्हा शह, राजा जी-८ ला परततो. आता दुसरा हत्तीसुद्धा एच-८ वर! राजाने तोही खाल्ला. दोन्ही हत्ती गेले, दिलारामने सांगितल्याप्रमाणे. मग प्यादं जी-७, शह. राजा जी-८. आणि घोडा एच-६. मात.

राजाला एच-७ का जाता येत नाही? कारण एफ-५ वर बसलेला तो दुबळा उंट तिथे उडी मारू शकतो. ज्याला कुणी मोजतच नव्हतं त्याने दार बंद केलं. आजच्या नियमाने हा डाव निघतच नाही. जी-४ वर कुणी उभं असेल तर आजचा उंट एच-३ वरून एफ-५ ला पोचणारच नाही. म्हणजे चकवा त्या नियमांच्या पोटातच होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिलारामचा नवरा जिंकून वाचला. पण हरणाऱ्याला बहुतेक वेळा जिंकायचं नसतं, बरोबरी मिळाली तरी देव पावला. आणि बरोबरी कशाला म्हणायचं यावर जगभर भांडणं झालेली आहेत.

अरबी शतरंजमध्ये नुसता राजा उरला की हार. आबांच्या खेळात तीच स्थिती म्हणजे सुटका. एकच दृश्य, निकाल उलटा! मग विचार करा खेळ किती बदलतो. बुर्जीच्या नियमात जिंकणाऱ्याला हावरटपणा महागात पडतो. सगळं खायचं नाही, शेवटचं एक प्यादं शत्रूचं असूनही सांभाळायचं, आणि त्याला सांभाळत मात करायची. त्यातही प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, सगळ्यात मानाची. आणि हरणारा काय करणार? उरलेलं मोहरं मारून घ्यायचा प्रयत्न करणार. जाऊन शत्रूच्या राजाच्या गळ्यात पडणार. आबांच्या हत्तीने तेच केलं होतं.

दुसरी स्थिती म्हणजे कोंडी, ज्याला आपण सगळे आता स्टेलमेट म्हणतो. राजाला शह नाही, पण हलायला एकही जागा नाही आणि दुसरं कुठलंच मोहरं चालू शकत नाही. आज ही बरोबरी. पण हा निकाल सगळीकडे रुळला तो अगदी अलीकडे. अरबांकडे कोंडी करणारा जिंकायचा. नवव्या शतकात दरबारात खेळणाऱ्या अल-अदलीने नोंदवलंय की हिंदुस्थानातले लोक उलट धरतात, तिथे कोंडीत सापडलेला जिंकतो. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात हाच उलटा नियम चालायचा: समोरच्याची कोंडी केलीत तर तुम्ही हरलात. मरेच्या वेळच्या हिंदुस्थानात अनेक ठिकाणी तर कोंडी करायलाच बंदी, तशी चाल केली तर मागे घ्या आणि दुसरी करा. इंग्लंडात बरोबरीचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. ॲपमध्ये जो नियम मी आबांच्या नाकासमोर नाचवला, तो इंग्लंडात रुळून जेमतेम दोनशे वर्षं झाली. मला तेव्हा वाटलं होतं तो देवाने लिहिलाय.

आणि हे सगळं आपल्या मुलखात लिहिलं गेलं नव्हतं असंही नाही. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ नावाचा मोठा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या ‘नीतिमयूख’ या भागात, राजनीतीच्या गप्पांमध्ये, बुद्धिबळही आहे. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळाच्या अवघड मांडण्यांचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृतातून. शीर्षकातच म्हटलंय की युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी आबांचे नियम बाजूला ठेवून ॲपच्या नियमांकडे वळत होतं. त्या शास्त्रीबुवांवर माझा राग नाही. छापायचं तर गिऱ्हाईक बघावं लागतं.

आता उडी मारून न्यू यॉर्कला येऊ. १९६३ सालचा शेवट, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा. ही तीच स्पर्धा जिच्यात बॉबी फिशरने अकरापैकी अकरा डाव जिंकले, त्यामुळे बाकी सगळं लोक विसरले. एक डाव मात्र विसरले नाहीत. लॅरी इव्हान्स विरुद्ध सॅम्युएल रेशेव्स्की. रेशेव्स्की म्हणजे आठव्या वर्षी मोठ्या माणसांना एकाच वेळी अनेक पटांवर हरवत फिरलेला पोरगा, आता पन्नाशीचा, बचाव आणि धीर यांचा बादशहा. इव्हान्सचा डाव गेलेला होता. वाचवण्यासारखं काही नव्हतंच.

इव्हान्सने सत्तेचाळिसाव्या चालीला एच पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकवून एच-४ वर ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, वेळकाढूपणा. रेशेव्स्कीने हत्तीने शह दिला, राजा कोपऱ्यात एच-१ ला गेला, आणि रेशेव्स्कीच्या वजिराने जी-३ वरचं प्यादं खाल्लं. साहजिक चाल. पुढे मात दिसतेय, कोण थांबेल?

इथे डोळे मिटा पुन्हा. इव्हान्सची तीन प्यादी उरलीत: ई-४, एफ-३ आणि एच-४. तिन्हींच्या नाकासमोर काळी मोहरी. एकही हलू शकत नाही. ती शेवटची, एच-४ ची चाल यासाठीच होती: स्वतःचं शेवटचं हलणारं प्यादं त्याने मुद्दाम गाडून घेतलं. राजा कोपऱ्यात, शेजारची तिन्ही घरं काळ्याच्या वजिराने आणि हत्तीने धरलेली. म्हणजे इव्हान्सकडे हलणारी दोनच मोहरी: वजीर आणि हत्ती. ही दोन्ही मेली तर? कोंडी. बरोबरी.

त्याने वजीर सरळ काळ्या राजाच्या शेजारी, जी-८ वर नेऊन ठेवला. शह. खाल्ल्याशिवाय गत्यंतर नाही. मग हत्तीने जी-७ वरचं प्यादं खाऊन शह. आता त्या हत्तीला राजाने खाल्लं तरी कोंडी आणि वजिराने खाल्लं तरी कोंडी. नाही खाल्लं तर हत्ती त्याच आडव्या रांगेत राजाच्या मागे-मागे फिरत शह देत राहतो. राजाला कुठेही सुटका नाही, कारण हत्तीला मरायचंच आहे. इंग्रजीत अशा मोहऱ्याला पिसाळलेला म्हणतात. त्यांच्याकडे ते मोहरं म्हणजे किल्ला, आणि किल्ला कसा पिसाळणार! आपल्याकडे तो हत्तीच आहे, त्यामुळे शब्द अगदी बसतो. डाव बरोबरीत सुटला, आणि पुढे त्याला ‘शतकातला चकवा’ असंच नाव पडलं.

मी हा डाव पहिल्यांदा यूट्यूबवर पाहिला तेव्हा एसटीत होतो, नेर ते यवतमाळ. तो हत्ती राजाला चिकटला आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण मी ही चाल आधी पाहिली होती. कापडी पटावर. आबांचा हत्ती असाच आला होता: मला खा म्हणत. नियम वेगळे, बुर्जी आणि कोंडी या दोन वेगळ्या गोष्टी, पण माणसाने विचार एकच केलेला. मेल्याशिवाय वाचत नाही, तर मग मारून घ्या. इव्हान्सचं जगभर कौतुक झालं. आबांना मी रडी म्हणालो.

असो. पुढे जाऊ.

हल्लीच्या चकव्यात एक तिसरा भिडू आलाय: घड्याळ. जुन्या काळी विचार करायला वेळेचं बंधनच नसायचं, लोक समोरच्याला कंटाळा येईपर्यंत बसून राहायचे. १८६१ च्या एका सामन्यात वाळूची घड्याळं वापरली गेली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तोंडांची यांत्रिक घड्याळं आली. तेव्हापासून हरणाऱ्याला एक नवं हत्यार मिळालं. समोरच्याला एक सोपा मार्ग असेल तर त्याच्यासमोर तीन मार्ग निर्माण करायचे, तिन्ही बरे दिसणारे. मग त्याचे सेकंद जातात. डेव्हिड स्मर्डन नावाच्या ऑस्ट्रेलियन ग्रँडमास्टरने २०२० मध्ये चकव्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. तो पेशाने अर्थशास्त्रज्ञ आहे, आणि त्याचा सगळा रोख पटापेक्षा समोरच्याच्या डोक्यावर आहे: त्याला घाई आहे का, हाव आहे का, तो घाबरलाय का, की मनातून घरी पोचलाय.

गुकेश विरुद्ध कार्लसन तुम्ही सगळ्यांनी रीलमध्ये पाहिलंय. १ जून २०२५, नॉर्वेतलं स्टॅव्हँगर. बहुतांश डावात कार्लसन पुढे, गुकेश तग धरून. शेवटी घड्याळात सेकंद उरलेले आणि कार्लसनने घोड्याने एक शह दिला, तो चुकीचा. डाव उलटला, कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, मोहरी उडाली. रील तिथे संपतं. पण गुकेश नंतर काय म्हणाला ते ऐकलंत का? त्याच्या बोलण्याचा अर्थ असा की शंभरातले नव्व्याण्णव वेळा मी हा डाव हरलो असतो. जगज्जेता पोरगा, आणि चकव्याला चकवाच म्हणतो, ‘मास्टरप्लॅन’ म्हणत नाही. मला ते फार आवडलं.

आणि आता आपल्या विदर्भाचा डाव. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, समोर कोनेरू हंपी, वय ३८. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत. मग पंधरा-पंधरा मिनिटांचे रॅपिड, प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी. आपल्या सगळ्यांना शेवट पाठ आहे: दिव्या जिंकली, रडली, आईला मिठी मारली, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. यवतमाळहून नागपूर तीन तासांवर, त्यामुळे आम्हीही आपलीच पोरगी म्हणून पेढे खाल्ले.

पण हा डाव हंपीच्या बाजूने बघा एकदा. शेवटच्या टप्प्यात ती मागे होती, वेळ संपत आलेला. तेवीस वर्षांचा ग्रँडमास्टरपणाचा अनुभव गाठीशी, २००२ मध्ये ती पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली. तिने डाव सोडला नाही, अडथळे उभे करत राहिली, आणि दिव्याच्या हातून जिंकलेला डाव निसटायला लागला. हे मी म्हणत नाही. दिव्या स्वतः जिंकल्यानंतर म्हणाली की एंडगेम मला शिकायलाच हवेत, मी घोळ घातला, तो सरळ जिंकायला हवा होता. म्हणजे चकवा अर्धा लागला होता. हंपी किनाऱ्याला हात लावून आली, आणि सेकंद मोजत असताना शेवटची चूक तिच्या हातून झाली. असे जवळजवळ वाचलेले डाव कुणाच्या रीलमध्ये येत नाहीत. चकव्यांची जेवढी पुस्तकं आहेत ती सगळी वाचलेल्यांची आहेत, हे ध्यानात असू द्या.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, मग पुढे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून भाषण द्यायला येणारी माणसं फार. आणि त्यांना बुद्धिबळ फार आवडतं. ‘जीवन म्हणजे पट, डाव सोडू नका, शेवटच्या चालीपर्यंत लढा.’ कपाशीचा भाव पडलाय, पावसाने वीस दिवस खंड दिलाय, कर्जाचं व्याज चढतंय, आणि समोर बसलेल्या माणसाला हा म्हणतो डाव सोडू नका. मला हे ऐकवत नाही. चकवा कशामुळे लागतो? समोर माणूस बसलेला असतो, त्याला घाई असते, त्याला हाव असते आणि तो चुकतो म्हणून. व्याजाला घाई नसते. ढग टेबलावर मूठ आपटत नाहीत. ज्याच्यासमोर चूक करू शकेल असा कुणी नाही त्याला रेशेव्स्कीची गोष्ट सांगून काय उपयोग? त्याला नियम बदलून हवे असतात, आणि नियम बदलता येतात हे तर आपण आत्ताच पाहिलं. एकाच उघड्या राजाला बगदादमध्ये हार मिळते आणि आमच्या ओट्यावर बरोबरी.

बरं, पटावर परत.

ज्यांना खेळताना उपयोग करायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही हरत असाल तर आधी तुमची प्यादी बघा, किती अडलेली आहेत. सगळी अडली असतील तर राजा कोपऱ्यात ढकला आणि उरलेलं मोठं मोहरं कुठे मारून घेता येईल ते शोधा. एखादंच प्यादं हलत असेल तर इव्हान्ससारखं तेही गाडून टाका. आणि जिंकत असाल तर? प्रत्येक चालीआधी एक प्रश्न: माझ्या या चालीनंतर समोरच्याला हलायला काय उरतं? काही उरत नसेल आणि शह नसेल, तर हात मागे घ्या. मी ऑनलाइन दोन वजीर असताना कोंडी करून बसलेलो आहे, एकदा नाही, चारदा. आबा असते तर मांडीवर थाप मारली असती.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांनी तो कापडी पट कपाटातून काढून दिला. एक घोडा आणि तीन प्यादी हरवलीत, त्यांच्या जागी बटणं आणि चिंचोके लावून मी आणि काकांचा मुलगा खेळलो, आबांच्या नियमाने. तो आठवीत आहे, मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगला खेळतो. त्याने मला पिळून काढलं. शेवटी माझ्याकडे एक घोडा उरला. मी तो मारून घ्यायला बघत होतो आणि तो पोरगा घोडा खायलाच तयार नाही! उलट त्याला वाचवतोय. माझाच घोडा तो माझ्यापासून वाचवतोय. घोडा कसा मारून घ्यायचा यात मी अर्धा तास घालवला, नाही जमलं. त्याने प्यादं पुढे सारलं आणि प्यादेमात केली. काका म्हणाले, ‘आबांनी पाहिजे होतं हे पाहाले.’

पण खेळताना एक अडचण आली. राजाची घोड्याची उडी: ती उडी मारून समोरचं मोहरं खाता येतं की नाही? मला माहीत नव्हतं, काकांनाही आठवेना. शेजारच्या त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक आहेत अजून. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, आमच्याकडे नाही खाता येत, पण दिग्रसकडची माणसं खायची आणि त्यावरून भांडणं व्हायची. हे मरेच्या नऊशे पानांत मिळणार नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात, वाड्यात, पारावर देशी पद्धतीने खेळलेलं कुणी असेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एवढं विचारा: बुर्जीला तुम्ही काय म्हणायचा आणि त्यात डाव अर्धा धरायचा की हार? प्यादी उरली आणि मोठी मोहरी गेली तर बुर्जी की नाही? कोंडी झाली तर काय करायचे? राजाची उडी शह बसल्यावर चालायची का? प्यादेमातीला काही जादा मिळायचं का? गावाचं नाव सांगायला विसरू नका, कारण नियम वीस कोसांवर बदलतो. व्हॉइस नोट आम्हाला पाठवा, पुढच्या भागात एकत्र ऐकू. आणि ते सांगत असताना मोबाइल काढून त्यांना ॲपमधला नियम दाखवू नका.